मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मोटारहोम सांभाळायची कशी?

परभणीकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून गेल्या दिवाळीनंतर ट्रॅव्हलर या मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली एक जुनी मोटारहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, विकत घेतली. हिवाळ्यात आम्ही उभयतांनी औंढा नागनाथ, परळी वैजनाथ आणि वेरूळचे घृष्णेश्वर ही मराठवाड्यातील तिन्ही ज्योतिर्लिंगे एकाच फेरीत केली, आठ रात्री गाडीतच काढल्या आणि एकदाही गैरसोय झाली नाही. परंतु मार्च संपत आला तशा अडचणी सुरू झाल्या.

पहिली अडचण फ्रीजची आहे. हा १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसरचा फ्रीज रात्री दोनच्या सुमारास आपोआप बंद पडतो, तरीही बॅटरीवरचा मीटर १२.३ व्होल्ट दाखवत असतो. बॅटरी १५० अँपिअर-तासांची, लेड-ॲसिड प्रकारची असून छतावर ३३० वॉटचे एक सौर पॅनेल आहे. एका गॅरेजवाल्यांनी काहीही न तपासता नवी बॅटरी घेण्यास सांगितले. मला पैशापेक्षा खात्री हवी आहे, कारण त्या फ्रीजमध्ये माझ्या पत्नीचे इन्सुलिन असते.

दुसरी अडचण अशी, की पाण्याच्या पंपाचा आवाज पूर्वीसारखाच येतो, पण नळाची धार करंगळीएवढीही राहिलेली नाही. तिसरा प्रश्न मे आणि जूनचा आहे. या दोन महिन्यांत आम्ही कोठेही जाणार नाही आणि गाडी अंगणात उन्हातच उभी राहील. परभणीचा मे महिना कसा असतो हे मी सांगायला नको. तोपर्यंत कोणती तयारी करावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

वाळूजवासी

काका, नमस्कार. मी वाळूज औद्योगिक वसाहतीत गाड्यांच्या बॉडी बांधण्याचे काम केलेले आहे आणि माझी स्वतःची मोटारहोम सहा वर्षांपासून वापरतो. नवी बॅटरी घेण्याआधी एक तपासणी करा. फ्रीज आणि पंखे चालू असताना मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजा आणि लगेच फ्रीजच्या सॉकेटवर मोजा. या दोन आकड्यांमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त अंतर आले, तर दोष बॅटरीत नसून तारेत किंवा एखाद्या सैल जोडणीत आहे.

याचे कारण सोपे आहे. घरातील २३० व्होल्टच्या तारेत एक व्होल्ट कमी झाला तर कोणालाही कळत नाही, परंतु १२ व्होल्टच्या तारेत तोच एक व्होल्ट फार मोठा असतो. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, जाऊन-येऊन तिची लांबी १२ मीटर भरली आणि तिच्यातून ९ अँपिअर प्रवाह गेला, तर सुमारे ०.८ व्होल्ट तारेतच खर्च होतो. बॅटरीचे रक्षण व्हावे म्हणून फ्रीजला एक मर्यादा ठरवून दिलेली असते. त्याच्यापाशी पोहोचलेले व्होल्टेज तिच्याखाली उतरले की तो बॅटरी रिकामी झाली असे समजून थांबतो. अनेक जुन्या गाड्यांत फ्रीज, पंखे आणि दिवे एकाच तारेवर घेतलेले मी पाहिले आहे, कारण बांधणाऱ्याला तार वाचवायची असते. फ्रीजसाठी किमान ६ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार थेट बॅटरीपासून आणा आणि तिचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा, म्हणजे वाटेत कोठे तार घासून उघडी पडली तरी आग लागणार नाही.

याचा अर्थ आपली बॅटरी पुरेशी आहे असा मात्र नाही. १५० अँपिअर-तास गुणिले १२ म्हणजे १८०० वॉट-तास, आणि लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून हाताशी ९०० वॉट-तासच धरा. फ्रीज ५० वॉटचा असेल तर हिवाळ्यात तो तासातली निम्मी वेळ विश्रांती घेतो, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात जवळजवळ अखंड चालतो. दहा तासांचे ५०० वॉट-तास येथेच झाले. २५ वॉटचे दोन पंखे नऊ तास चालले तर आणखी ४५० झाले. उरलेला हिशोब आपण अभियांत्रिकी खात्यातले असल्याने मी करून दाखवण्याची गरज नाही.

उष्णतेबद्दल आणखी दोन गोष्टी सांगतो. बॅटरीचे तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. म्हणून तिची पेटी हवेशीर ठेवा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, त्यासाठीही हवा खेळती असावीच लागते. पुढे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेण्याचा विचार केलात, तर ती बहुतेक वेळा ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असे बनवणारेच सांगतात, हे ध्यानात असू द्या; बंद गाडीच्या पलंगाखाली दुपारी तेवढे तापमान सहज होते. सौर पॅनेलचेही तसेच आहे. त्याची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते आणि त्यापुढच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्के वीज कमी मिळते. पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवलेले असेल तर ते ७० अंशांपर्यंत तापते आणि जवळजवळ अठरा टक्के वीज जाते. खाली दोन-तीन इंचांची फट ठेवून पट्ट्यांवर बसवले, तर वारा जातो आणि त्याची सावली छतालाही मिळते.

लातूरकर

वीज माझा विषय नाही, म्हणून पाण्यापुरते लिहितो. पंपाच्या आधी एक छोटी पारदर्शक वाटी असते आणि तिच्यात जाळी असते. ती आधी उघडून पाहा. पांढरा चुरा दिसला तर तो क्षार आहे. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरचे पाणी जड असते आणि टाकी उन्हात तापली की क्षार लवकर खाली बसतो. जाळी धुऊनही धार वाढली नाही तर नळाच्या तोंडाची जाळी काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवावी. टाकीतही लिंबूसत्वाचे पातळ द्रावण घालून, पंप काही मिनिटे चालवून, ते तासभर नळ्यांत तसेच राहू द्यावे आणि नंतर दोन वेळा स्वच्छ पाण्याने सर्व धुऊन काढावे. मी हे वर्षातून तीनदा करतो आणि माझा पंप अजून मूळचाच आहे.

आपल्या घरांत प्यायचे पाणी आणि वापरायचे पाणी वेगळे असते, तीच शिस्त गाडीत पाळावी. प्यायला वीस लिटरचा जार ठेवावा आणि टाकी केवळ वापरासाठी भरावी. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, हेही विसरू नये. एकदा भरलेल्या टाकीसह आणि सर्व सामानासह गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढचा आणि मागचा आस वेगवेगळा तोलून घ्या. साखर कारखान्याच्या किंवा जिनिंगच्या काट्यावर विनंती केली तर हंगाम नसताना कोणी सहसा नाही म्हणत नाही. माझ्या गाडीचे बरेचसे ओझे मागच्या आसावर होते आणि मागचे टायर दरवर्षी का झिजतात, याचे उत्तर मला त्या काट्याने दिले.

एक गोष्ट मी प्रत्येक नव्या सदस्याला कळकळीने सांगतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आमच्या लातूरला पाणी आणावे लागले होते. त्या दिवसांत घागरींच्या रांगेत उभा राहिलेला माणूस दुसऱ्याच्या गावचे पाणी हलक्या मनाने घेऊ शकत नाही. एप्रिलनंतर कोणत्याही गावात हातपंपावर किंवा सार्वजनिक नळावर गाडी लावून टाकी भरू नका. घरून भरून निघा, संपले तर टँकरवाल्याकडून किंवा शेतमालकाला विचारून, योग्य मोबदला देऊन घ्या. भांड्यांचे सांडपाणी जमा करून एखाद्या झाडाच्या आळ्यात सोडा. साबण मात्र बेताचा वापरा.

नांदेडच्या ताई

काकूंच्या इन्सुलिनबद्दल वाचले आणि राहवले नाही. माझ्या सासूबाई आमच्याबरोबर प्रवास करतात, त्यामुळे हा प्रश्न आमच्याही गाडीत आहे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. फ्रीजवर सगळा भार टाकू नका. आम्ही एक लहान माठ खोक्यात पक्का बसवून नेतो. त्यात तळाशी ओली वाळू, तिच्यावर घट्ट झाकणाचा डबा आणि त्या डब्यात चालू वापराची बाटली असते. आपली हवा कोरडी असल्याने माठ चांगला गार राहतो. फ्रीज बंद पडला तर तेवढ्यापुरता त्याचा आधार होतो. तरीही कोणती बाटली किती दिवस बाहेर चालेल, हे काकूंच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. डब्यात एक छोटा तापमापक अवश्य ठेवा.

गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर उंदरांची काळजी सर्वांत आधी घ्या. आमची गाडी एका वर्षी सोयाबीनच्या पोत्यांशेजारी शेडमध्ये उभी होती. उंदरांनी गादी कुरतडली आणि वायरिंगचा एक गठ्ठा अर्धा खाल्ला, ज्याच्या दुरुस्तीला मला चांदीची वाटी मोडावी लागली. तारा आणि नळ्या जेथून आत येतात ती सर्व भोके भांडी घासायच्या स्टीलच्या चोथ्याने घट्ट बुजवा, धान्याचा कणही आत ठेवू नका, फ्रीज रिकामा करून पुसून त्याचे दार किंचित उघडे ठेवा आणि गॅसची टाकी बाहेर काढा. कॅसेट शौचालयाची, म्हणजे मैला साठवणाऱ्या सुट्या पेटीच्या शौचालयाची, पेटी सेप्टिक टँक असलेल्या शौचालयातच रिकामी करून, धुऊन, वाळवून ठेवावी.

शेवटी एक अनुभव सांगते. दोन वर्षांपूर्वी माहूरहून परतताना किनवटच्या अलीकडे आमच्या इंजिनाचा पट्टा तुटला. संध्याकाळ झाली होती आणि जवळ दुकान नव्हते. पैठणला एकदाच भेटलेल्या, आमच्यासारखीच गाडी असलेल्या एका जोडप्याला मी फोन केला. ते हिंगोलीहून स्वतःच्या गाडीचा जादा पट्टा घेऊन रात्री अकराला पोहोचले, सोबत भाकरी आणि ठेचा होता. दादांनी पट्टा बसवून दिला आणि पैसे घेतले नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले, की दिंडीत कोणाच्या गाडीचे चाक रुतले तर बाकीचे उतरून हात लावतात. त्या दिवसापासून मीही दोन पट्टे बाळगते, एक आमच्यासाठी आणि एक दुसऱ्या कोणासाठी.

तुळजापूरकर

दुरुस्तीबद्दल वरच्या मंडळींनी सविस्तर लिहिले आहे. गाडी जुनी घेतलेली असल्याने मी कागदांचे विचारतो. नोंदणी पुस्तकात वाहनाचा वर्ग कॅम्पर व्हॅन असा लागला आहे, की अजून प्रवासी वाहन असाच आहे? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल नोंदणी अधिकाऱ्यांच्या मान्यतेशिवाय करता येत नाही. विमा कंपनीलाही आतील फर्निचर, बॅटरी आणि गॅस यांची माहिती लेखी द्यावी; अन्यथा दावा करायची वेळ आली की वाद उभा राहतो.

परभणीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्यापैकी जालन्याचे एक सदस्य सेलूला नातलगांकडे आले होते, ते मल्टिमीटर घेऊन मुद्दाम आमच्या घरी आले. फ्रीज आणि दोन्ही पंखे चालू असताना बॅटरीवर १२.३ आणि फ्रीजच्या सॉकेटवर ११.४ व्होल्ट भरले. तिन्ही गोष्टी एकाच अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेवर होत्या, शिवाय एक जोडणी काळी पडलेली होती. आम्ही दोघांनी बसून दुपारभरात नवी तार ओढली. गेल्या चार रात्री फ्रीज बंद पडलेला नाही. दुसरी बॅटरी मात्र पावसाळ्यानंतर घेणार आहे, कारण हिशोब मी करून पाहिला आणि तो खरा निघाला. पंपाच्या जाळीत चमचाभर क्षार होता. नोंदणीत वर्ग कॅम्पर व्हॅन असाच आहे. विमा कंपनीला पत्र आज पाठवले. काकूंनी, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, माठ आणून ठेवला असून त्यातला तापमापक दिवसातून चार वेळा पाहणे सुरू आहे.

टायरांबद्दल मात्र विचारायचे राहिले. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण बाजूवर शेवटचे चार अंक २३१७ असे आहेत.

वाळूजवासी

काका, २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही असली तरी हे टायर आता बदलाच. मोटारहोमचे टायर झिजण्याआधी उन्हाने आणि उभे राहून म्हातारे होतात, आणि समृद्धी महामार्गाच्या तापलेल्या काँक्रीटवर असे टायर घेऊन जाणे धोक्याचे आहे. नवे घेतल्यावर चाकांवर जाड सुती कापड किंवा पोती टाका. संपूर्ण गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री बांधू नका. ती वाऱ्याने रंग घासते आणि आत वाफ धरते. शक्य असेल तर वर पत्र्याचे किंवा हिरव्या जाळीचे छप्पर उभारा. बॅटरी पूर्ण चार्ज करून मुख्य स्विच बंद ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी गाडी जागेवर नुसती चालू न करता पंचवीस-तीस किलोमीटर फिरवून आणा. मृगाच्या आधी छतावर चढून हवेच्या झडपेभोवतीचे आणि पॅनेलच्या पट्ट्यांभोवतीचे सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, अंगठ्याने दाबून पाहा. भेग दिसली तर जुने खरवडून नवे पॉलियुरेथेनचे भरा, कारण सिलिकॉनवर पुन्हा काहीच धरत नाही.

पाऊस उघडल्यावर पैठणला नाथसागराजवळ आमच्या चार-पाच गाड्या जमणार आहेत. आपण आणि काकू या. दुसरी बॅटरी घेऊनच या, तेथे आम्ही सगळे मिळून बसवू. मी जाड तार आणि फ्यूज आणतो, लातूरकरांनी जाळ्या धुवायचे लिंबूसत्व आणावे, आणि पाणी प्रत्येकाने आपापल्या घरून भरून आणावे.