कॅम्परच्या छपराला सरसकट कोटिंग: गरज की हौस?

गाडीघर
उन्हाळा तोंडावर आला की इथे अमेरिकेत ट्रेलरवाल्यांच्या (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, म्हणजे कॅम्पर, असणाऱ्यांच्या) गप्पांत एकच सल्ला ऐकू येतो: "छपराला पांढरं कोटिंग मारून टाक, मग वर्षानुवर्षं बघायला नको." रबरी छप्पर धड असेल तर हा खर्च वायफळ आहे, असं माझं स्पष्ट मत. फांदी लागून फाटलं नसेल तर छप्पर मधोमध सहसा गळत नाही. पाणी शिरतं व्हेंटच्या कडेने, स्कायलाइटच्या चौकटीतून, अँटेनाच्या स्क्रूपाशी. तिथलं सीलंट, म्हणजे सांधे बुजवायचा लेप, उन्हाने कडक होतं, केसाएवढी भेग पडते आणि खालचं प्लायवूड किंवा ओएसबी (लाकडाच्या चकत्या दाबून केलेली फळी) महिनोन्‌महिने गुपचूप भिजत राहतं. आत डाग दिसेपर्यंत फळी कुजलेली असते. कोटिंगने ही भेग नुसती झाकली जाते. वर्षातून दोनदा लांब दांड्याचा मऊ ब्रश, सौम्य साबणाचं पाणी, मग एकेक सांधा बोटाने दाबून बघायचा. आडव्या जागी आपोआप पसरणारं सीलंट, उभ्या कडेला न ओघळणारं. एवढं पुरे.

फिनिक्सचं_ऊन
ॲरिझोनात या, मग बोलू. ईपीडीएमचा, म्हणजे या रबरी छपराचा, पांढरा थर उन्हाने भुकटी होऊन झिजतो. भिंतींवर पांढरे ओघळ येतात ना, ते त्याचेच. खालचा काळा थर उघडा पडला की उन्हाने ट्रेलर तापलाच म्हणून समजा. सांधे मीही तपासतो, पण म्हणून कोटिंग हौस कशी ठरते?

गाडीघर
भुकटी सुटणं हा ईपीडीएमचा स्वभावच आहे, तेवढ्याने छप्पर संपलं असं होत नाही. आणि टीपीओचं (दुसऱ्या प्रकारचं, प्लास्टिकच्या चादरीचं) छप्पर असं पांढरं सोडतही नाही, तरी कोटिंगचा सल्ला त्यांनाही मिळतो! त्यात कुणी सिलिकॉनचं मारलं की पुढे त्यावर सिलिकॉनशिवाय काही चिकटत नाही. व्हेंट बदलायची वेळ आली की नेहमीचं डायकॉर कंपनीचं सीलंट तिथे धरणार नाही.

फिनिक्सचं_ऊन
म्हणून ॲक्रिलिक मारावं. पाणी साचून राहतं तिथे ते टिकत नाही हे खरं, पण आमच्याकडे साचायला आधी पाऊस तर पडू दे.

शेवाळग्रस्त
तुमचं भांडण उन्हावरून. इकडे सिअ‍ॅटलला ट्रेलर झाडाखाली, छपरावर हिरवळ. मी सरळ प्रेशर वॉशर फिरवतो, लख्ख होतं. ब्रशने घासत बसायला वेळ कुणाला आहे?

शिडीवरची_मावशी
अहो, थांबा! तो झोत सांध्याच्या कडेखाली घुसला की सीलंट उचकटतं. पाणी तुम्हीच आत भरताय. शेवाळ मऊ ब्रशनेच काढा. संत्र्याच्या तेलाचे किंवा पेट्रोलियमचे क्लीनर ईपीडीएमवर अजिबात नकोत, रबर फुगतं. भिंती आधी ओल्या करून घ्या, नाहीतर वरचा मळ ओघळून तिथेच वाळतो. आणि हात शिवशिवतात म्हणून एसीच्या बुडाभोवती सीलंट फासू नका. तिथे १४ इंची चौकोनी भोकावर गॅस्केट (फट बंद करणारा मऊ थर) दाबून बसवलेला असतो. तो सैल झाला तर आतून बोल्ट कसायचे. ओल्या छपरावर चढू नका हेही सांगते. काही छपरं तर माणसाचं वजन पेलतील अशी बांधलेलीच नसतात, मॅन्युअल बघा.

कोकणस्थ_नाही_कोकणी
एवढ्या उठाठेवीपेक्षा वर शेड घाला की. आमच्याकडे पावसाआधी एकदा कौलं शाकारली की मोसमभर वर बघत नाहीत.

गाडीघर
घर जागचं हलत नाही हो! ट्रेलर हायवेवर तासन्‌तास हादरतो, अंग पिळतो, सांधे सुटतात ते त्याने. आमच्या वसाहतीत ट्रेलर दारात उभासुद्धा करू देत नाहीत, शेड कुठली घालता?

शेवाळग्रस्त
मग ताडपत्री?

शिडीवरची_मावशी
वाऱ्याने फडफडून तीच छप्पर घासते. घ्यायचंच तर मापाचं, हवा खेळती ठेवणारं कव्हर घ्या.

गाडीघर
फिनिक्सवाले, एक सांगा. कोटिंगआधी जुनं सीलंट सगळं खरवडता का? बहुतेक जण तेवढंच टाळतात, आणि माझा राग त्यावरच आहे.

फिनिक्सचं_ऊन
सगळं कशाला? खरवडताना रबर फाटलं म्हणजे नवीनच दुखणं. घट्ट बसलंय ते नीट पुसून त्याच्यावरच नवं घालतो, सुटलेलं तेवढं काढतो.

गाडीघर
पुसण्यावर माझा भरवसा नाही. कडा उचलून बघितल्याशिवाय घट्ट बसलंय हे कळणार कसं?