कबड्डी खेळणाऱ्या भावाच्या नोकरीबद्दल सल्ला हवा आहे

मंडळी, माझा धाकटा भाऊ परळच्या एका कॉलेजात टीवाय बीकॉमला आहे. कबड्डी खेळतो, लेफ्ट कॉर्नरला, म्हणजे बचावात डाव्या टोकाला. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा तो दहा वर्षांचा होता, तेव्हापासून डोक्यात तेच. पहाटे पाचला न उठवता उठतो आणि नायगावला सरावाला जातो. म्हणजे आळशी म्हणावं तर तसंही नाही.

पण नोकरीचा विषय काढला की तोंड फिरवतो. परवा जबरदस्तीने लॅपटॉपसमोर बसवलं, रेझ्युमे लिही म्हटलं. तासाभराने पाहिलं तर नाव, पत्ता आणि खाली 'छंद: कबड्डी'. छंद! दोन वर्षं कॉलेजचा कप्तान आहे. विरारहून येणाऱ्या पोराची लोकल बघून सरावाची वेळ ठरवतो. किटचा आणि प्रवासाचा हिशोब एका वहीत, अगदी वडापावच्या पैशांसकट. आमच्या ऑफिसात इतकं नीट कुणी लिहीत नाही.

त्यात डिसेंबरात गुडघा दुखावला. महिनाभर घरी होता, वाटलं पुस्तक उघडेल. कसलं काय, मोबाईलवर जुन्या पकडी बघत पडून होता.

काही बोललं की म्हणतो, "ताई, नेमबाज स्वप्नील कुसाळे रेल्वेत टीसी होता ना?" होता, आणि 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमधून ब्राँझही आणलं. पण याच्याकडे विद्यापीठाकडून पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र आहे, पदक नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा उपसंचालकांकडे होते, इथवर मला कळलंय. नुसत्या सहभागावर कुणाचं काम झालंय का? आई म्हणते खेळ बंद कर. मला ते नकोय, पण बीकॉमनंतर काय, हे त्याच्या गळी कसं उतरवू?

प्रतिसाद:
ताई, मी खो-खोवाला, आता बँकेत आहे. पदकाशिवाय आरक्षणाच्या भरवशावर वर्ष घालवू नका. मैदान सुटायला नको असेल तर बीपीएड, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी आहे, दोन वर्षांची. कोचिंगला पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा कोर्सही आहे. बाकी आईंना सांगा, खेळ बंद केला म्हणून माझा अभ्यास वाढला नव्हता, झोप वाढली होती. आणि तो 'छंद' आधी खोडा. 'कर्णधार, दोन वर्षं, 12 जणांचा संघ, प्रवास व किटचा हिशोब' एवढं लिहा. मुलाखतीला ती वही बरोबर ने म्हणावं, वडापावच्या पानासकट.