मदत हवी आहे: फोनवरचे व्हिडिओ लॅपटॉपवर अडखळतायत. अपडेट काढू, प्लेअर बदलू की लॅपटॉपच?

नमस्कार मंडळी,

धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा. संगणकातलं मला जेमतेम कळतं, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

लॅपटॉप दहा-अकरा वर्षांचा आहे, पण मेल, हिशेब, अधूनमधून सिनेमा एवढ्याला काही कमी पडत नव्हतं. अपडेटची सूचना आली की "नंतर" वर टिचकी मारायची ही माझी जुनी खोड. असे कित्येक महिने साठलेले अपडेट शेवटी एका रात्री एकदम करून टाकले. सकाळी सगळं ठीक दिसलं.

चार-पाच दिवसांनी भाचीच्या नाचाचा व्हिडिओ फोनवरून लॅपटॉपवर घेतला, लॅपटॉप केबलने टीव्हीला जोडला, आईला समोर बसवलं आणि लावला. नुसता आवाज! गाणं चालू, टाळ्या चालू, पडदा काळाकुट्ट. मग व्हीएलसी हा फुकटातला प्लेअर टाकला. त्यात चित्र आलं, पण कसं? भाची हात वर करते आणि तशीच थिजते, गाणं पुढे निघून जातं, मग ती एकदम रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला. आई म्हणाली, "ही नाचतेय की हिला कुणी उचलून इकडून तिकडे ठेवतंय?"

मी केलेले उपद्व्याप: एका साइटवरून "सगळे व्हिडिओ चालतील" असं म्हणणारा कोडेक पॅक, म्हणजे व्हिडिओ उलगडायच्या जास्तीच्या सोयींचा गठ्ठा, उतरवला. व्हिडिओ चालले नाहीतच, ब्राउझरचं पहिलं पान मात्र बदललं आणि कोपऱ्यात जाहिराती उगवायला लागल्या. व्हीएलसीत जे आणि के ही बटणं दाबून आवाज मागेपुढे करता येतो असं वाचलं होतं, तेही केलं. अर्धा मिनिट जुळतं, मग पुन्हा तेच.

जुने व्हिडिओ मात्र आजही लोण्यासारखे चालतात. म्हणजे संशय अपडेटवरच जातो ना? तो मागे घेता येईल का? पुढचे अपडेट कायमचे बंद करून टाकू का? आणि व्हीएलसीपेक्षा हलका, चांगला प्लेअर कोणता? भाऊ म्हणतो नवीन लॅपटॉप घे. त्याला काय जातंय म्हणायला!

जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

ताई, माहिती अपुरी आहे. ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, प्रोसेसर कोणता, काहीच लिहिलं नाहीत. व्हीएलसीत तो व्हिडिओ चालू करा आणि कंट्रोल धरून जे दाबा. एक छोटी खिडकी उघडेल, तिच्यात कोडेक, रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट दिसेल, ते इथे लिहा. चालणाऱ्या एखाद्या जुन्या व्हिडिओचंही तसंच बघा. व्हिडिओ अडखळत असताना कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयूचा आकडा सांगा.

प्रतिसाद

भावाला +१. दहा वर्षं वापरलात म्हणजे पैसे वसूल. (ह. घ्या.)

धागाकर्ती

विंडोज १०, आय५ चौथ्या पिढीचा, रॅम ८ जीबी.

अडखळणारा व्हिडिओ: एमपीईजी-एच पार्ट २ / एचईव्हीसी (एच.२६५), ३८४० बाय २१६०, फ्रेम रेट ५९.९४.
चालणारा जुना: एच.२६४, १९२० बाय १०८०, फ्रेम रेट ३०.

दोन्ही फाइलींच्या नावापुढे एमपी४ असंच आहे, म्हणून मला त्या सारख्याच वाटत होत्या. सीपीयू ९८ ते १००, आणि पंखा असा घोंघावतो की नाचाचं गाणं ऐकू येऊ नये.

हो, आणि फोन दोन महिन्यांपूर्वी नवीन घेतलाय. त्याचा काही संबंध असेल का?

प्रतिसाद

सगळा संबंध त्याचाच आहे! सापडला चोर, आणि तो अपडेट नाही.

एमपी४ हा नुसता डबा. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय ते कोडेक ठरवतो. तुमचा जुना फोन एच.२६४ मध्ये भरत होता. ते मानक २००३चं, त्यामुळे ते उलगडायची सोय तुमच्या लॅपटॉपच्या ग्राफिक्समध्येच आहे आणि मुख्य प्रोसेसरला फारसं काही करावं लागत नाही. नवीन फोन भरतोय एच.२६५ म्हणजे एचईव्हीसीत. याची पहिली आवृत्ती आली २०१३ साली. साधारण तेवढ्याच दर्जाचं चित्र निम्म्या जागेत बसतं, पण उलगडताना आकडेमोड बरीच जास्त. तुमचा चौथ्या पिढीचा आय५ बाजारात आला तोही २०१३ सालीच, तेव्हा त्याच्या पोटात या कोडेकची खास सोय कुठून असणार? इंटेलने ती नीट दिली सहाव्या पिढीपासून, आणि १०-बिटसाठी, म्हणजे जास्त रंगछटांच्या चित्रासाठी, सातव्या.

वर तुम्ही ४के आणि सेकंदाला ६० फ्रेम असं चित्रण केलंय. १०८०पी-३०च्या मानाने ठिपके चौपट आणि फ्रेम दुप्पट, म्हणजे आठपट ऐवज. तो सगळा बिचारा सीपीयू एकटा हाताने उपसतोय. सेकंदाचं काम सेकंदात होत नाही म्हणून प्लेअर फ्रेमा टाकून देतो, आणि तुमची भाची उड्या मारते.

जे-के कामाला का आलं नाही तेही यातच आलं. आवाज कायम अर्धा सेकंद मागे किंवा पुढे असेल तर त्या बटणांनी जुळतो. इथे अंतर दर मिनिटाला वाढत जातं. किती सरकवाल?

काळा पडदा ही वेगळी गोष्ट. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला एचईव्हीसीसाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून वेगळं एक्स्टेन्शन लागतं, आणि ते विकत आहे. आवाज वेगळ्या कोडेकात असतो, तो ओळखीचा, म्हणून तेवढा वाजला. व्हीएलसी आपले डिकोडर, म्हणजे उलगडायची साधनं, सोबत घेऊनच येतो म्हणून त्यात चित्र दिसलं. एक्स्टेन्शन घेऊ नका, घेतलंत तरी अडखळणं तसंच राहील.

धागाकर्ती

बाई गं. म्हणजे मी अपडेटला उगाच शिव्या घालत होते. पण मग प्लेअर बदलून काहीच फरक पडणार नाही?

प्रतिसाद

थोडाफार पडेल, पण आठपट नाही. तरी विचारलंत म्हणून माझं मत.

व्हीएलसी ठेवा. १९९६ साली पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी सुरू केलेला प्रकल्प, २००१पासून मुक्त स्रोत, जाहिरात नाही, हेरगिरी नाही. आईला स्पेस बारने थांबवता-चालवता आलं की झालं. टूल्स, प्रेफरन्सेस, इनपुट / कोडेक्स मध्ये हार्डवेअर डिकोडिंग "ऑटोमॅटिक" वर आहे ना ते बघा. तुमच्या एचईव्हीसीला उपयोग नाही, बाकीच्यांना आहे.

मी स्वतः एमपीव्ही वापरतो. चित्र सुंदर, अंगाने सडपातळ, पण मेनू जवळपास नाहीतच, सगळं कीबोर्डवर आणि एका साध्या टेक्स्ट फाइलीत. ज्याला खटपटीची हौस त्याच्यासाठी. नव्या फोनचे एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त आवाका टिपणारे) व्हिडिओ काही प्लेअरांत धुतलेल्या कपड्यासारखे फिके दिसतात, ते यात नीट दिसतात हा मोठा फायदा. मॅकवाल्यांसाठी याच इंजिनावर बेतलेला आयना आहे, तो दिसायलाही गोजिरा.

जुन्या विंडोज लॅपटॉपवर "मीडिया प्लेअर क्लासिक होम सिनेमा" हा प्लेअर वापरून बघायला हरकत नाही. एक खबरदारी घ्या: मूळ चमूची शेवटची आवृत्ती १.७.१३, जुलै २०१७ची. त्यानंतर दुसऱ्या एका डेव्हलपरने गिटहबवर काम पुढे चालवलंय, घ्यायची असेल तर ती घ्या. शोधात जुनीच आधी सापडते आणि लोक तीच टाकून बसतात.

पॉटप्लेअरचे भक्त येतीलच आता. चांगला आहे, पण सेटिंगांचं जंगल आहे आणि स्रोत बंद.

प्रतिसाद

पॉटप्लेअरचा भक्त हजर. जंगल म्हणा, पण फळंही त्यातच आहेत. :)

प्रतिसाद

प्लेअरचं चालू द्या. मला धास्ती त्या कोडेक पॅकची वाटते. पूर्वी प्रत्येक प्लेअरला बाहेरून कोडेक घालावे लागायचे तेव्हाची ती सवय. आता व्हीएलसी किंवा एमपीव्ही असेल तर पॅकची गरजच नाही. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी तारखेप्रमाणे लावा, त्या दिवशी काय काय शिरलं ते दिसेल, सगळं काढा. ब्राउझरची एक्स्टेन्शनं तपासा. मग विंडोज सिक्युरिटीचा पूर्ण स्कॅन. आणि व्हीएलसीसुद्धा व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग वरूनच उतरवलात ना? शोधात वर दिसणाऱ्या जाहिरातींमधून नाही ना?

अपडेट बंद करू नका, हात जोडून सांगतो. ऑपरेटिंग सिस्टिमचे तर नाहीच, प्लेअरचेही नाही. व्हिडिओ फाइल म्हणजे बाहेरून आलेला परका माल, आणि प्लेअर तो उघडून आत डोकावतो. मे २०१७ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवलं होतं की नुसत्या सबटायटलच्या फाइलीतूनही संगणकाचा ताबा घेता येतो, आणि त्यात व्हीएलसी, कोडी असे नावाजलेले प्लेअर होते. दुरुस्त्या लगेच निघाल्या, पण त्या मिळाल्या अपडेट करणाऱ्यांनाच. पुढे युरोपियन कमिशनने व्हीएलसीतल्या त्रुटी शोधणाऱ्यांना बक्षिसं लावली, आणि जून २०१९च्या ३.०.७ मध्ये त्यातल्या ढीगभर बुजवल्या गेल्या.

तुमचा खरा प्रश्न पुढचा आहे. विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले. त्यापुढे जास्तीच्या अपडेटसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, आणि घरगुती वापरासाठी त्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत ठरवलेली. विंडोज ११ला अधिकृतपणे आठव्या पिढीचा इंटेल लागतो, म्हणजे तुमचा बसत नाही. लॅपटॉप ठेवायचाच असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम सुखाने चालेल. व्हीएलसी तिथेही आहेच.

प्रतिसाद

चर्चा छान चाललीये, पण आई अजून नाच बघायची थांबली असेल.

टीव्ही ४के असेल तर बहुतेक त्याच्याच चिपमध्ये एचईव्हीसीची सोय असते. फाइल पेन ड्राइव्हवर घाला, टीव्हीच्या मागच्या यूएसबीत खोचा. लॅपटॉप मध्ये आणताच कशाला?

धागाकर्ती

हे मला का सुचलं नाही!! टीव्ही ४केच आहे. बघते आणि सांगते.

धागाकर्ती

पेन ड्राइव्हवर फाइल जातच नाही. "फाइल फार मोठी आहे" म्हणतो. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, रिकामा. फाइल पावणेपाच जीबी. आता हे काय नवीन?

प्रतिसाद

पेन ड्राइव्ह फॅट३२ असणार. त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, जागा कितीही असो. पेन ड्राइव्हवर राइट क्लिक, फॉरमॅट, एक्सफॅट निवडा. आतलं सगळं पुसलं जाईल, पण रिकामाच आहे म्हणताय. टीव्हीला एक्सफॅट कळलं नाही तर एनटीएफएस करून बघा.

प्रतिसाद

हे झालं आजचं. लॅपटॉपवर बघायचे असतील त्या व्हिडिओंसाठी हँडब्रेक घ्या, व्हिडिओ दुसऱ्या कोडेकात बदलून देणारं सॉफ्टवेअर, फुकट आणि मुक्त. फाइल टाका, "फास्ट १०८०पी३०" हा प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंगचा संच, निवडा, सुरू करा. एच.२६४मधली नवी प्रत बनते. मूळ फाइल काढू नका, उद्या चांगला संगणक आला की तीच उपयोगी. तुमच्या प्रोसेसरवर वेळ भरपूर लागेल, तेव्हा आधी रेंजमध्ये सेकंद निवडून फक्त पहिल्या ३० सेकंदांची प्रत करून बघा. समाधान झालं की पूर्ण फाइल रात्री लावून झोपा. सुरू होताना डॉट नेट डेस्कटॉप रनटाइम मागितलं तर घाबरू नका, ते त्याला लागतंच. फक्त तो जिथे नेतो त्या अधिकृत पानावरूनच घ्या.

आणि फोनच्या कॅमेऱ्यात १०८०पी, ३० फ्रेम करून ठेवा. आयफोन असेल तर सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स मध्ये "मोस्ट कम्पॅटिबल" निवडलं की एच.२६४मध्ये चित्रण होतं. अँड्रॉइडवर हा पर्याय कंपनीगणिक वेगवेगळ्या जागी असतो, पण कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच शोधा.

प्रतिसाद

थोडं अवांतर: मला व्हीएलसीत मराठी सबटायटल चौकोन-चौकोन दिसतात. कुणाला उपाय माहीत आहे का?

प्रतिसाद

सबटायटलची फाइल नोटपॅडमध्ये उघडून सेव्ह अ‍ॅज करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. तरी चौकोन राहिले तर प्रेफरन्सेसमध्ये फाँट निर्मला यूआय ठेवा. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे आधीच बरंच झालंय.

धागाकर्ती

एक्सफॅट चाललं! पूर्ण बारा मिनिटं, एकदाही न अडखळता. आईने दोनदा पाहिला आणि आता म्हणते की दुसऱ्या रांगेतली तिसरी मुलगी ताल चुकतेय. पडदा काळा होता तेच बरं होतं म्हणायची वेळ त्या मुलीवर.

कोडेक पॅक काढला. त्याच दिवशी अजून दोन अनोळखी गोष्टी शिरल्या होत्या, त्याही काढल्या, स्कॅन स्वच्छ आला. व्हीएलसी काढून व्हिडिओलॅनवरून पुन्हा घेतला, कारण आधीचा कुठून घेतला होता ते खरंच आठवेना. हँडब्रेकची ३० सेकंदांची प्रत लॅपटॉपवर झकास चालते, पंखाही गप्प. पूर्ण फाइल आज रात्री लावते. फोन १०८०पीवर आणला. जास्तीच्या अपडेटची नोंदणी अपडेटच्याच पानावर दिसली, ती केली. लिनक्स मिंटचं भावाच्या गळ्यात घातलंय, फार सल्ले देत होता.

सगळ्यांचे मनापासून आभार. पॉटप्लेअरवाल्यांचेही.