आठवी-नववीत लैंगिक शिक्षणाचं सत्र: पालकसभेत काय बोलू?

ऐरोलीची आई

नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. आमच्या ऐरोलीच्या शाळेने नोटीस काढली आहे की दिवाळीनंतर आठवी-नववीसाठी 'वयात येताना' या विषयावर सत्रं होतील, स्त्रीरोगतज्ज्ञ बाई येतील आणि मुलं-मुली दोघांनाही बसावं लागेल. तेव्हापासून पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसती धुमश्चक्री चालू आहे. एकजण म्हणतात, मुलींना पाळीचं सांगा, पॅड द्या, तेवढं पुरे. मुलांना त्या तासाला मैदानावर पाठवा. दुसरे म्हणतात, नको त्या वयात नको ते डोक्यात भरू नका. शनिवारी सभा आहे आणि पालक प्रतिनिधी म्हणून मला बोलायचं आहे.

मी सत्राच्या बाजूची आहे. आमच्या सोसायटीतल्या एका दहावीच्या मुलीची शाळा मध्येच सुटली, तिला गावी आजीकडे ठेवलं. कारण सगळ्यांना माहीत होतं, उघड कोणी बोललं नाही. ज्या मुलाचं नाव होतं तो मात्र परीक्षेला बसला, आता कॉलेजला जातो, रोज त्याच गेटमधून. ते बघून माझा जीव तुटतो. पण सभेत असं कोणाचं नाव घेऊन बोलता येत नाही. मला ठोस मुद्दे हवे आहेत. शिकवल्याने मुलं बिघडतात का, या प्रश्नाला काय उत्तर देऊ? आणि मुलांना बसवण्याचा आग्रह धरू का?

घोडबंदरचा बाबा

ताई, मी विरोधात आहे, स्पष्टच सांगतो. तेरा वर्षांचं पोर म्हणजे पोरच. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे, त्या वयाला तो ठीक. त्याआधी बाहेरचा माणूस वर्गात येऊन काय चित्रं दाखवणार, कोणत्या भाषेत बोलणार, हे आम्हाला कोण सांगतं? २००७ मध्ये आरडाओरडा झाल्यावर आपल्या राज्याने असाच कार्यक्रम थांबवला होता. तो उगाच थांबवला नव्हता. हे घरी, आईबापांनी, मुलाची समज बघून सांगायचं असतं.

कळव्याची सिस्टर

दादा, घरी सांगावं हे शंभर टक्के खरं. पण मी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात परिचारिका होते, आता निवृत्त आहे. कळवा, विटावा, दिघा या पट्ट्यातल्या आया माझ्यासमोर बसल्या आहेत. सोळा-सतराव्या वर्षी लग्न झालेल्या, स्वतःच्या शरीराबद्दल कोणी काही न सांगितलेल्या. त्यांनी मुलीला कोणत्या शब्दांत सांगायचं? आणि हे फक्त चाळीतच होतं असं समजू नका, टॉवरमधल्या मुलीही तशाच येतात. फरक एवढाच की त्या खाजगीत जातात.

मुलगी एकटी येत नाही. आई घेऊन येते आणि तक्रार असते अॅसिडिटीची, पोटात गोळा आल्याची, 'पाळी लांबलीय, दहावीचं टेन्शन घेतलंय' अशी. लघवीची तपासणी करूया म्हटलं की आई भडकते, 'सिस्टर, काय बोलताय तुम्ही?' मग तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा येतात, सोनोग्राफीत पाचवा महिना निघतो आणि आई खुर्चीतच खचते. मुलीला विचारलं की म्हणते, एकदाने काही होत नाही असं तो म्हणाला होता. हे वाक्य मी इतक्या पोरींच्या तोंडून ऐकलं आहे की शाळेने बाकी काही नाही शिकवलं तरी एवढं एक खोटं आहे हे शिकवावं, असं मला मनापासून वाटतं.

वेळ का महत्त्वाची ते सभेत नक्की सांगा. कायद्याप्रमाणे वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात होतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींसाठी दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत होतो. त्यापुढे बहुतेक वेळा कोर्टाची पायरी चढावी लागते. हे आठवडे मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पोरीला वाटतं दोनच महिने झालेत, कागदावर अडीच निघतात. अठराच्या आतल्या मुलीसाठी पालकांची लेखी संमती लागते, म्हणजे घरी सांगणं टळत नाहीच. आणि पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, अठराखालच्या मुलीची संमती धरत नाहीत, त्यामुळे दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं. या भीतीनेच घरचे लपवतात आणि कोणाकडून तरी गर्भपाताच्या गोळ्या आणून देतात. डॉक्टरशिवाय घेतलेल्या त्या गोळ्यांनी रक्तस्राव थांबेना म्हणून रात्री रिक्षातून आणलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. हात गार पडलेले, आणि कोणी खरं सांगायला तयार नाही. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटलं आहे की मुलगी आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना तिचं नाव उघड करायची गरज नाही. हे किती पालकांना माहीत आहे?

बिघडण्याबद्दल. युनेस्कोने २०१८ मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र तपासून सांगितलं की असं शिक्षण दिल्याने मुलं लवकर संबंध ठेवायला लागत नाहीत. अनेक ठिकाणी उलट उशिरा ठेवतात. नुसतं 'करू नका' शिकवणारे कार्यक्रम मात्र निष्फळ ठरले आहेत.

मुलांना बसवाच, ताई. आग्रह काय, अट घाला. मैदानावर पाठवलेला मुलगाच उद्या 'एकदाने काही होत नाही' म्हणणार आहे.

दादांचं एक मात्र मान्य. चित्रं, भाषा, सगळं आधी पालकांना दाखवलं पाहिजे. २००७ ला ते नीट झालं असतं तर एवढं रान पेटलं नसतं, असं मला आजही वाटतं.

कोपरखैरण्याच्या विज्ञानबाई

मी राज्य मंडळाच्या शाळेत शिकवते. दादा, दहावीचा तो धडा पुस्तकात आहे, पण कितीतरी वर्गांत 'हे घरी वाचून या' म्हणून पानं उलटली जातात. आणि दहावी म्हणजे पंधरा वर्षं, तोवर फोन सगळं दाखवून मोकळा झालेला असतो.

मी वर्गात बिननावाच्या चिठ्ठ्यांची पेटी ठेवते. त्यात काय येतं सांगते. 'झोपेत कपडे ओले होतात, मला आजार झालाय का?' 'पाळीत पोहलं तर चालतं का?' 'त्याला फोटो दिला नाही तर तो माझं नाव सगळ्यांत पसरवणार म्हणतो, काय करू?' ही तिसरी चिठ्ठी वाचून मी रात्रभर झोपले नाही. एवढं एकटं पडलेलं लेकरू माझ्या चाळीसजणांत बसलं आहे आणि मला ते कोण हे माहीत नाही.

संस्कृतीचा मुद्दा निघाला तर र. धों. कर्व्यांचं नाव घ्या. मुंबईत १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, तेही मराठीत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. हा विषय बाहेरून आलेला नाही.

एक सुचवते: पहिलं सत्र मुलामुलींचं वेगवेगळं घ्या, पुढचं एकत्र. वेगळं बसल्यावर प्रश्न मोकळे होतात.

घोडबंदरचा बाबा

सिस्टर, गोळ्यांचं वाचून अंगावर काटा आला. माझी मुलगी सातवीत आहे. साहित्य आधी पालकांना दाखवणार असतील तर मी विरोध करणार नाही. पण दाखवायलाच हवं, नुसतं तोंडी आश्वासन नको.

ऐरोलीची आई

सगळ्यांचे आभार. सभेत तीन गोष्टी मागणार: आधी पालकांसाठी सत्र, मुलांची हजेरी सक्तीची आणि चिठ्ठ्यांची पेटी. सिस्टर, एक शेवटचं विचारते. मुलींना आईशिवाय कुठे जाता येतं का?

कळव्याची सिस्टर

येतं. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' असतं, दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी, मोफत. जवळच्या रुग्णालयात दिवस-वेळ आधी विचारून घ्या. पाळी, अंगावरून जाणं, मुरुमं, मनावरचं ओझं, काहीही बोलता येतं आणि ते घरी पोचत नाही. फक्त अठराच्या आतल्या मुलीचा संबंध आला किंवा कोणी जबरदस्ती केली असं कळलं तर कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. हे मुलींना आधीच खरं सांगून ठेवा, नाहीतर फसवलं असं वाटतं. आणि १०९८ हा मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर वर्गाच्या फळ्यावर नाही, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावायला सांगा. मुलांच्याही.