फाटकावरची घाणेरी ठेवावी की काढावी?

प्रश्न
नमस्कार. इंदूरला राजेंद्रनगरात आमच्या फाटकापाशी रोपवाटिकेतून आणलेली घाणेरी सहा वर्षांपासून बहरते आहे आणि तिच्यावर फुलपाखरेही पुष्कळ येतात. गेल्या रविवारी पाताळपाणीला गेलो, तेव्हा धबधब्याच्या वरचा उतार याच झुडपांनी भरलेला दिसला. "आपल्या दारातली इथे कशी आली?" असे मुलीने विचारले, त्याचे उत्तर मला देता आले नाही. कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १
मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे. घाणेरी मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. १८०९च्या सुमारास ती शोभेसाठी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली आणि पुढे कुंपणांमधून रानात शिरली. गुच्छ जवळून पाहा: मधली ताजी फुले पिवळी आणि कडेची गुलाबी असतात, कारण परागण झाले की फुलाचा रंग बदलतो. त्यानंतर धरणारी काळी फळे बुलबुल आणि साळुंक्या आवडीने खातात आणि बी विष्ठेतून दूर टाकतात. तुमच्या फाटकावरचे बी थेट पाताळपाणीला गेले असे मी म्हणणार नाही, परंतु एका कुंपणावरून दुसऱ्या बांधावर, असा तिचा प्रवास चालूच असतो. फुलपाखरे तिथे मध पितात, पण त्यांच्या अळ्यांना खाद्य लागते ते वेगळेच; लिंबू किंवा कढीलिंब लावलात, तर लिंबाळी फुलपाखरू तुमच्याच अंगणात अंडी घालील.

प्रतिसाद २
ताई, काढणार असाल तर नुसती छाटू नका. महूजवळच्या आमच्या बांधावर मी दोन वर्षे तीच चूक केली, एकदा जाळूनही पाहिले, आणि दर पावसाळ्यात बुंध्यातून अधिकच दाट फुटवे आले. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी सुचवलेल्या पद्धतीप्रमाणे माती दोन बोटे उकरून मुख्य मूळ जमिनीखालीच तोडावे आणि झुडूप उलटे करून ठेवावे, म्हणजे फांद्या मातीला टेकून पुन्हा रुजत नाहीत. हे काम फळे धरण्यापूर्वी उरकावे. शेजाऱ्यांच्या गाईने उन्हाळ्यात चाऱ्याअभावी हा पाला खाल्ला, तेव्हा तिचे डोळे पिवळे पडले आणि नाकपुडीवरची कातडी उन्हाने सोलून निघाली. ते पाहिल्यापासून मला हे फूल सुंदर म्हणवत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. काही गुच्छांना हिरवी फळे धरली आहेत, ती आजच खुडते आणि रविवारी मूळ काढते. त्या जागी कोरांटी लावली, तर फाटकापाशी पुरेसा आडोसा होईल का?

प्रतिसाद २
होईल. कोरांटी काटेरी असते आणि आपल्याकडचीच आहे. जुन्या जागी घाणेरीची रोपे उगवत राहतील, ती मात्र कोवळी असतानाच उपटावी लागतील.