मराठी व्हिडिओला इंग्रजी नाव द्यायचं? मला पटत नाही

बांधावरून
काल इथे एकाने लिहिलं की यूट्यूबच्या सर्चमध्ये मराठी व्हिडिओ वर आणायचा तर शीर्षक इंग्रजीत द्या, टॅगचा, म्हणजे व्हिडिओला चिकटवायच्या शब्दांचा, रकाना काठोकाठ भरा, वर्णनात ट्रेंडमधले शब्द ओता. खाली "लाख मोलाची माहिती" म्हणणाऱ्यांची रांग. नवीन पोरं हे वाचून तसंच करणार, म्हणून लिहितोय.

टॅगचा वाटा अगदी किरकोळ असतो, हे यूट्यूब स्वतः सांगतं. लोक ज्या शब्दाचं स्पेलिंग हमखास चुकवतात, तिथे थोडा उपयोग. पाचशे अक्षरांचा तो रकाना भरत बसण्यापेक्षा शीर्षकाच्या १०० अक्षरांवर डोकं चालवा.

माझंच सांगतो. हुमणी म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी, तिच्यावरचा व्हिडिओ मी "हुमणी: एकात्मिक व्यवस्थापन" असं सरकारी पत्रकासारखं नाव देऊन टाकला. दोन हंगाम नुसता पडून होता. मग यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेलचा हिशोब दिसतो तिथे, लोक काय शोधून आले ते उघडून बघितलं. "ऊस पिवळा पडला", "ऊस वाळतोय काय सोडू". ऑगस्टमध्ये शेतकऱ्याला किडीचं नाव ठाऊक नसतं हो! बेट पिवळं पडलंय आणि ओढलं की अलगद उपटून हातात येतंय, एवढंच त्याला दिसतं. मी नाव बदललं: "ऊस पिवळा पडून बेट उपटून येतंय? मुळाशी हुमणी बघा". तेव्हापासून अनोळखी गावांतून फोन येतात. हे कुठल्या इंग्रजी शीर्षकाने झालं असतं?

क्लिकगणित
कालची पोस्ट माझी. मी लोकांची चॅनेल सांभाळून पोट भरतो, ऐकीव लिहीत नाही. टॅगचं तुमचं बरोबर, तेवढं मागे घेतो. पण आपली माणसं बोलतात मराठी आणि मोबाईलवर टाइप करतात रोमन लिपीत. मी बघतो त्या चॅनेलांवर वरचे शोधशब्द रोमनच असतात. त्यांच्यासमोर निव्वळ देवनागरी ठेवून काय साधणार? एका व्हिडिओवरून नियम ठरत नसतो.

चुलीपाशी
टाइप कोण करतंय? माझ्या सासूबाई माइकचं बटण दाबून बोलतात. "मोदकाची पारी फुटते, काय करू?" अस्सं. माझ्या व्हिडिओचं नाव होतं "पारंपरिक उकडीचे मोदक, गणपती विशेष". त्यांच्याच फोनवर तो कुठेही दिसेना! हाताला पीठ लागलेलं, पाणी उकळतंय, अशा वेळी बाई तिची अडचण बोलते, पदार्थाचं कौतुक नाही.

वऱ्हाडातून
पारी काय, हुमणी काय. आमच्याकडे त्या अळीला उन्नी म्हणतात. शेतीचे व्हिडिओ सगळे सांगली-कोल्हापूरच्या बोलीत, आणि आम्ही शोधायचं कसं? यावर कुणीच बोलत नाही.

बांधावरून
दादा, विद्यापीठाच्या शिफारशीत हुमणीच छापलेलं असतं. सगळ्या जिल्ह्यांची नावं शीर्षकात कशी कोंबू?

वऱ्हाडातून
शिफारशीत काय छापलंय ते मला नका सांगू. वरती तुम्हीच लिहिलंय की शेतकऱ्याचा शब्द धरा. तो शेतकरी फक्त उसाचाच का?

माझ्या वडलांनी सोयाबीन सुकताना बघून "उन्नीवर औषध" असं शोधलं. पहिलाच व्हिडिओ असा की थंबनेलवर, म्हणजे दाबण्याआधी दिसतं त्या चित्रात, मेलेल्या अळ्यांचा ढीग आणि "एका रात्रीत साफ". वडलांनी दुसऱ्या दिवशी दुकानातून तेच औषध आणून पानांवर फवारलं. अळी बसलीये जमिनीत मुळं खात! पैसे गेले, आठ दिवस गेले, आणि पट्ट्याच्या पट्ट्या वाळल्या. नीट माहितीचे व्हिडिओ असतीलही, पण ते आमच्या शब्दाला सापडलेच नाहीत. ही माझ्या घरची गोष्ट आहे, मला चिडू द्या.

क्लिकगणित
त्यात थंबनेलचा काय दोष? लोक चित्र बघूनच दाबतात. २०२४ पासून तर तीन थंबनेल लावून कुठलं चालतं ते तपासायची सोय आहे.

वऱ्हाडातून
दोष नाही? तुमच्या धंद्यातलाच कुणीतरी ते करून देतो ना?

क्लिकगणित
आवाज खाली ठेवा. खोटं थंबनेल मी आजवर एकालाही करून दिलेलं नाही.

चुलीपाशी
भांडू नका. पण क्लिकगणित, खोट्या चित्राने तुमचंही नुकसानच होतं. २०१२ पासून यूट्यूब नुसत्या व्ह्यूजपेक्षा माणूस किती वेळ बघतो त्याला वजन देतं. फसलेली बाई वीस सेकंदांत मागे फिरते. मी एकदा केशराच्या मोदकांचा फोटो लावला, आत साधेच मोदक होते. बायका कुठे सोडून गेल्या ते आलेखात दिसलं. पहिलं ताट दाखवलं तिथेच.

क्लिकगणित
हे मान्य करावं लागतंय. आणि वऱ्हाडातून, तुमच्या वडलांचं वाईट वाटलं. तरी रोमनचा हट्ट मी सोडत नाही. शीर्षक देवनागरीत राहू द्या, वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत तोच शब्द रोमनमध्ये लिहा. व्हिडिओची भाषा मराठी निवडा, ती बरेच जण तशीच सोडतात.

बांधावरून
वर्णनात रोमन चालेल. "शीर्षक इंग्रजीतच" म्हणाला होतात म्हणून तर मी पेटलो.

वऱ्हाडातून, तुमचं मला आधी लागलं आणि मग पटलं. आत्ताच शीर्षकात "हुमणी / उन्नी" केलं. सोयाबीनचा भाग वेगळा करून टाकतो, एकाच व्हिडिओत दोन पिकं नकोत. ऊसवाल्याच्या वर्णनात वेळा घातल्या आहेत: ०:०० लक्षणं, मग मुळाशी उकरून अळी ओळखणं, मग भुंगेरे, म्हणजे त्याच अळीचे पुढे होणारे किडे. पहिली वेळ शून्याला आणि किमान तीन भाग नसतील तर यूट्यूब भाग पाडतच नाही, तिथे मी बरेच दिवस चुकत होतो.

वऱ्हाडातून
भुंगेऱ्यांचा भाग वेगळा टाका आणि मे महिन्यात टाका. वळवाचा पाऊस पडला की संध्याकाळी ते कडुनिंबावर, बाभळीवर येतात. तेव्हाच फांद्या हलवून गोळा केले तर पुढचं संकट निम्मं होतं. ऑगस्टात बघून काय करायचं?

बांधावरून
मे महिन्यात कोण शोधतंय पण? तेव्हा पीक हिरवंगार असतं.

वऱ्हाडातून
म्हणून ऑगस्टच्या व्हिडिओच्या शेवटी त्याची लिंक द्या. आणि मराठवाड्यातलं कुणी वाचत असेल तर तिकडचा शब्द खाली लिहा.