गोधडी जास्त उबदार करायचीये, आत काय घालू?

घोडबंदरकरीण:
सासूबाई निफाडला असतात, त्यांच्यासाठी गोधडी शिवायला घेतलीये. आपल्याकडे ठाण्यात डिसेंबरात पण पंखा एकवर असतो, पातळ चादरीत भागतं, पण तिकडे पारा पाच-सहावर उतरतो, द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवायची वेळ येते. जुन्या कॉटनच्या साड्या भरपूर आहेत, पण नुसते थर वाढवत गेले तर गोधडी इतकी जड होते की त्यांना रात्री कूस वळवता येत नाही, खांदे दुखतात म्हणतात. ऊब वाढायला हवी आणि वजन नको, तर आत काय घालू? घरात एक जुनी शाल आहे, गादीवाल्याकडे फायबरची शीट मिळते असं कळलं, आणि आमचे हे म्हणतायत मधे प्लॅस्टिकचा कागद घाल, वारा लागणार नाही.

ऐरोलीची शिवणवाली:
ताई, प्लॅस्टिक अजिबात नको. अंगातून रात्रभर दमटपणा बाहेर पडत असतो, तो कागदाला अडतो आणि पहाटे आतलं कापड ओलसर गार लागतं. ऊब वजनाने येत नाही, कापडात अडकून राहिलेल्या हवेने येते. धुऊन धुऊन चपट्या झालेल्या साड्यांमध्ये हवा राहतच नाही म्हणून थर वाढवले तरी वजनच जास्त वाढतं. वर एक साडी, खाली एक साडी आणि मधे फायबरची फुगीर शीट घ्या. पाच बाय सात फुटांची गोधडी धरली तर २०० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची, शीट साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे फार जड नाही. आणि अंगाकडच्या बाजूला साडीऐवजी फ्लॅनेल लावलंत तर आत शिरल्या शिरल्या गार लागत नाही, म्हाताऱ्या माणसाला ते फार बरं वाटतं.

कोपरीकर:
मी कापसाच्या बाजूने. पिंजून भरलेल्या कापसाची ऊब वेगळीच, फायबरमध्ये काहींना घाम येतो कारण ते पाणी जवळपास शोषतच नाही. ठाण्याच्या दमट हवेत कापसाला वास लागतो हे खरं, पण निफाडला कोरडी थंडी आणि कडक ऊन, आठवड्यातून एकदा वाळत टाकलं की परत फुगतो. फक्त कापूस सरकून गोळे होतात, त्यामुळे टाके जवळ जवळ घालावे लागतात आणि पूर्ण धुता येत नाही, वरून खोळ लागेल.

शाल वापरणार असाल तर आधी ती लोकरीचीच आहे का बघा. कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि मोरीत काडीने पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली तर लोकर. वितळून टोकाला कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक. ऊब त्यालाही असते पण लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पिते तरी ओली लागत नाही, थंडीत रात्रभर पांघरायला त्याहून चांगलं काही नाही. लोकर निघाली तर शिवायच्या आधीच एकदा धुऊन घ्या, नाहीतर नंतर आतल्या आत आटते आणि वरची साडी चुण्या पडून गोळा होते.

नेरुळ पूर्व:
सगळे वरचंच बोलतायत, खालून किती गार येतं ते कोणी बघतच नाही! माणसाच्या वजनाने गादी दबते, त्यातली हवा निघून जाते. आमच्या गावी आजी गादीवर घोंगडी अंथरायची आणि वर एकच वाकळ घ्यायची. घोंगडी अंगाला टोचते म्हणून वर चादर टाका. उन्हाळ्यात गुंडाळून ठेवताना कडुलिंबाचा पाला घाला, नाहीतर कसर लागते.

घोडबंदरकरीण:
धागा आत्ताच जाळून बघितला, मणीच झाला. मग शाल राहू दे. घोंगडीचं मला सुचलंच नव्हतं, दिराला सांगते, तिकडच्या बाजारात मिळेल. कापूस सासूबाईंना एकट्याने उचलून वाळत घालणं झेपणार नाही, म्हणून फायबरच घेते. पण टाके कसे घालू? मला बोटाबोटावर धावदोरा घालायची सवय आहे.

ऐरोलीची शिवणवाली:
तसा दाट धावदोरा इथे नको ताई, प्रत्येक टाक्यापाशी शीट दबते आणि तेवढी ऊब गेली. दाट फक्त काठाला चारी बाजूंनी, मधे चार-चार इंचांच्या चौकटी पुरतात, शीट अखंड असते त्यामुळे सरकत नाही. दोरा फार ओढू नका, टाका घातल्यावर बाजूचं कापड फुगलेलं राहिलं पाहिजे. फ्लॅनेल आधी भिजवून वाळवून घ्या, ते आटतं. आणि गोधडीला गरम इस्त्री कधीच फिरवू नका, फायबर कायमचं बसतं.